गाळलेली सावली

बिराजदारकाकू केर काढताना यजमानांच्या सावलीवरून झाडू फिरवत नसत. सावलीच्या अलीकडचं झाडायच्या, झाडू उचलून पलीकडे जायच्या आणि मधली तेवढी फरशी तशीच ठेवायच्या. दुपारनंतर खिडकीतलं ऊन सरकलं की सावलीही सरकायची. मग राहिलेला तुकडा पुसून घ्यायच्या. यजमान वारून बरीच वर्षं झाली होती.

समोरच्या बिऱ्हाडात राहणारे गुरुनाथ कोनापुरे हे रोज पाहत. सकाळी दोन्ही घरांची दारं उघडी असत, त्यामुळे न पाहण्याची सोय नव्हती. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "सावलीच आहे ना काकू ती? झाडूनं काय होणार तिला?"

"तिला काय होत नाही ओ," काकू म्हणाल्या. "माझा हात उचलत नाही."

"आणि ते होते तेव्हा?"

"तेव्हा पाय वर घ्या म्हणून ओरडायची की मी."

भिंतीवर माणूस उभा करणं आता नवलाचं राहिलं नव्हतं. भिंतीएवढे पडदे घरोघर येऊन एक पिढी उलटली होती. जुना फोटो त्यावर माणसाएवढा मोठा करता येई, त्याला हलवता येई, बोलायलाही लावता येई. पण लोक त्याला लवकर कंटाळले. चित्र कितीही हललं-बोललं तरी ते चित्रच वाटायचं. डोळे म्हणायचे, माणूस आहे. मनाच्या तळाशी काहीतरी म्हणायचं, नाही. हे तळाशी बसून नकार देणारं काय आहे, याचा शोध डॉ. रेवती म्हमाणे यांनी सोलापुरातच, विजापूर रस्त्यावरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत लावला. चित्राला सावली नव्हती.

कागदावर एक गोल काढावा आणि त्याला खालून चिकटून पेन्सिलीनं थोडं काळं करावं. चेंडू जमिनीवर बसलेला दिसतो. तोच काळा डाग जरा खाली, गोलापासून सुटा काढला, की चेंडू हवेत उडालेला दिसतो. गोल तिथेच असतो. हललेली असते फक्त सावली, आणि मेंदूचा विश्वास तिच्यावर असतो. हा विश्वास फार जुना आहे. डोळ्यांना भासणाऱ्या हजार गोष्टींतून खरी कोणती हे ठरवताना मेंदू एकच साधी परीक्षा घेतो: जे प्रकाश अडवतं ते आहे. ही परीक्षा घेताना तो आपल्याला विचारत नाही, आणि निकाल लागल्यावर आपण कितीही समजूत घातली तरी तो बदलत नाही.

चित्राला सावली जोडण्याची युक्ती त्यामानाने सोपी होती, आणि जुनीही. फोटो स्कॅन करताना यंत्र तो पुस्तकासारखा ओळीओळीनं वाचतं. उजेड असेल तिथे विजेचा दाब वाढतो, अंधार असेल तिथे कमी होतो. अशा रीतीने सगळा फोटो म्हणजे चढउतारांचा एक लांबच लांब विद्युतसंकेत होतो. या संकेतात माणसाच्या कडा शोधायच्या. कडांच्या आतलं नाक, डोळे, लुगड्याचे काठ, सगळं पुसून नुसती आकृती ठेवायची. मग भजनात झील धरणारे मुख्य गायकाच्या किंचित मागून येतात, तसा हा पोकळ संकेत मूळ संकेताच्या थोडा मागून सोडायचा. उशिरा आलेला संकेत पडद्यावर थोडा बाजूला पडतो. तो मंद केला, त्याच्या कडा विरघळवल्या आणि पार्श्वभूमीच्या उजेडातून वजा केला की माणसामागे सावली उभी राहते. पूर्वी पडद्यावरची अक्षरं उठून दिसावीत म्हणून हे करत.

डॉ. म्हमाण्यांनी ही सावली चित्रातून बाहेर, घरातल्या फरशीवर आणली. सावली कुणाला टाकता येत नाही. फार तर तेवढ्या जागेवर उजेड टाकायचा नाही, इतकंच माणसाच्या हाती असतं. म्हणून त्यांनी छताला लावायचा एक दिवा केला. खिडकीतून किती ऊन येतं, ट्यूब कुठे आहे हे पाहून तो सगळ्या खोलीला उजेड पुरवी आणि सावलीपुरता रोखून धरी. या साऱ्या प्रक्रियेला शास्त्रीय नाव होतं छायाभरण. लोक 'सोबत' म्हणत. "आमच्याकडे परवा सोबत बसवली," असं सहज बोललं जाई. एकटी राहणारी माणसं एवढी झाली होती की दवाखान्यात गेलं तर डॉक्टर आधी विचारत, घरी सोबत आहे का?

कोनापुऱ्यांच्या घरी नव्हती.

ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. स्वभाव असा की चारचौघांत बोलायची वेळ आली की आपण बोलणार ते कुणीतरी आधीच, आपल्यापेक्षा बरं बोललेलं असेल, असं वाटून गप्प बसत. मूलबाळ नव्हतं. पत्नी शैलाबाई गेल्यापासून घरात पुस्तकं आणि ते. सोबत बसवावी असं त्यांना पहिल्या वर्षापासून वाटत होतं, पण भीतीही वाटत होती. ती समोर उभी राहिली आणि आपल्याला काहीच वाटलं नाही तर? किंवा तिच्या चेहऱ्यावर, जिवंतपणी आपण कधी नीट पाहिलं नाही असं काही दिसलं तर? आपण तिला सुखात ठेवलं की नाही, हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. आता उत्तर मिळण्याची शक्यता नाही, हे एका परीनं बरंच होतं.

शेवटी काकूंनीच मागे लागून त्यांना पाठवलं. "भिंतीकडं बघत जेवता ओ तुम्ही. त्यापेक्षा बाईकडं बघा."

शैलाबाईंचे फोटो भरपूर होते, कारण फोटो काढणं हा कोनापुऱ्यांचा एकुलता एक शौक. दोघांचा एकत्र असा मात्र एकही नव्हता. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन 'जरा काढता का' म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. शैलाबाई चेष्टा करायच्या, "उद्या कुणी हे फोटो बघितले तर म्हणतील, ही बाई सगळीकडे एकटीच हिंडायची."

त्यांनी निवडला तो नळदुर्गच्या किल्ल्यातला. लग्नानंतरचा पहिला हिवाळा, दुपार कलायला आलेली. शैलाबाई बुरुजाच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत, वाऱ्यानं उडणारा पदर एका हातानं धरलाय आणि हसतायत. कुणी 'हसा' म्हटल्यावर हसतात तसं ते हसू नव्हतं. कशालातरी आलेलं होतं. कशाला, ते कोनापुऱ्यांना आठवत नव्हतं.

फोटोत एक खोट होती. खालच्या कडेतून एक लांब सावली आत आली होती, कोपरं बाहेर काढलेल्या माणसाची, आणि तिचं डोकं थेट शैलाबाईंच्या पावलांवर टेकलं होतं. सावली कोनापुऱ्यांचीच. कॅमेऱ्याच्या डब्यात एक घडीचं पत्रक होतं, त्यात पहिला नियम लिहिला होता: सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असावा. कोनापुऱ्यांनी तो जन्मभर पाळला, आणि जन्मभर त्यांच्या फोटोंत त्यांची सावली येत राहिली. फोटो धुऊन देणारा म्हणायचाही, "साहेब, आजही तुम्ही आत आलाय बघा." ते ओशाळायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचे.

सोबत बसली त्या दिवशी मात्र त्यांना बरं वाटलं. यंत्रानं ती खोट काढून टाकली होती. पायऱ्या स्वच्छ. शैलाबाई माणसाएवढ्या, आणि त्यांची नवी सावली घरातल्या खिडकीच्या उजेडाला धरून फरशीवर पडलेली. कोनापुरे दारातच थांबले. चपला काढल्या. हात जोडावेत की काय करावं, कळेना. ती होती. याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. जवळून जाताना आपण तिला धक्का देऊ, असं वाटून ते अंग चोरून स्वयंपाकघरात गेले.

आठवडाभरानंतर त्यांना जे जाणवायला लागलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

खुर्चीत बसलं तर नजर डोक्यावरून जायची. उभं राहिलं तरी वरून. वयानं पाठ वाकलीय म्हणून असेल, असं वाटून त्यांनी देव्हाऱ्यासमोरचा पाट आणला आणि दाराची चौकट धरून त्यावर उभे राहिले. तिची नजर तेवढीच वर सरकली. ते पाटावरून उतरले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. समोर बिराजदार मात्र काकूंकडे टक लावून बघत असत, काकू कुठेही असोत. अगदी भांडी घासतानासुद्धा.

हसू खरं होतं. नजर खरी होती. फक्त ती त्यांच्यासाठी नव्हती. मग कुणासाठी होती? एवढ्या उशिरा असा प्रश्न मनात येणं त्यांना शोभत नव्हतं, तरी तो आला आणि जाईना.

ते प्रयोगशाळेत गेले.

डॉ. रेवती म्हमाणे चाळिशीच्या, केस आखूड कापलेल्या, डबा खात खात काम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कोनापुऱ्यांना समोर बसवलं आणि डबा पुढे केला. "घ्या काका. कडक भाकरी आहे, दात चांगले असतील तर."

"नको मॅडम. तक्रार नाही माझी," कोनापुरे म्हणाले. "काम उत्तम झालंय. माझंच काहीतरी चुकत असेल."

"तक्रार नसलेली माणसं इथं येत नाहीत. बोला."

त्यांनी सांगितलं. पाटाचं सांगताना थोडे अडखळले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर नळदुर्गचा फोटो लावला.

"चित्रातला माणूस कॅमेऱ्याच्या भिंगात बघत असला ना, की तो सगळ्यांकडे बघतो," त्या म्हणाल्या. "उजवीकडे जा, डावीकडे जा, तो तुमच्याकडेच बघणार, कारण चित्राला बाजू नसते. पण तो भिंगाच्या वीतभर वर बघत असेल, तर सगळ्यांच्या वीतभर वर बघतो. तुम्ही शिडीवर चढला तरी तो त्याच्याही वर. या मावशी भिंगाच्या वर बघतायत. तुम्ही कॅमेरा कसा धरला होता?"

कोनापुऱ्यांनी हात आपोआप छातीशी नेले, कोपरं बाहेर, मान खाली. "वडिलांचा जुना कॅमेरा होता. छातीशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं."

"मग झालं की. भिंग छातीशी आणि तोंड त्याच्या वर. त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, तुमच्या तोंडाकडे बघत होत्या."

कोनापुऱ्यांनी छातीशी नेलेले हात सावकाश खाली घेतले.

"नजर वळवून देता येते," बाई म्हणाल्या. "बुबुळं केसभर खाली घेतली की काम झालं. बरेच लोक करून घेतात. मग त्या तुमच्याकडे बघतील."

"बघेल," कोनापुरे म्हणाले. मग म्हणाले, "पण तिनं बघितलेलं नसेल ते."

डॉ. म्हमाण्यांनी डबा बंद केला. मग त्यांनी पडद्यावर दुसरं चित्र आणलं: मूळ स्कॅन, काहीही न काढलेलं. खालच्या कडेतली लांब सावली पुन्हा आत आली आणि शैलाबाईंच्या पावलांवर डोकं टेकून राहिली.

"हे आम्ही आधी काढून टाकतो," त्या म्हणाल्या. "जुन्या फोटोत तिथल्या उन्हाच्या सावल्या असतात आणि आम्हाला तुमच्या खोलीतल्या उजेडाच्या घालायच्या असतात. एका खोलीत दोन सूर्य चालत नाहीत. म्हणून आधी गाळायचं आणि मग भरायचं. गाळलेलं ठेवतो आम्ही, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही."

कोनापुरे सावलीकडे बघत होते. बाहेर काढलेली कोपरं, मधे कॅमेऱ्याचा चौकोन. पहिल्यांदाच त्यांना ती खोट वाटली नाही.

"फ्रेम करताना मी हे कापणार होतो," ते म्हणाले. "तिनं कापू दिलं नाही. म्हणाली, राहू द्या, तेवढेच तर आहात तुम्ही." मग ते एकदम थांबले. "पाय."

"काय?"

"तिचे पाय. ती म्हणाली होती, अहो, तुमची सावली पडलीय माझ्या पायांवर, पाय गार पडले. मी मान वर केली आणि बोट दाबलं गेलं." त्यांचा आवाज बदलला होता. "त्याला हसतेय ती. मला विसरायला झालं होतं."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती चालू झाली आणि निघून गेली.

"ती परत घालता येईल?" कोनापुऱ्यांनी विचारलं.

"मावशींची?"

"माझी."

डॉ. म्हमाणे उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. "काका, घालता येईल. पण आम्ही घालत नाही. तसा नियमच केलाय आम्ही. सांगते का ते. सुरुवातीला इथं एक प्रयोग केला होता. या खोलीत नुसती स्टुलाची सावली पाडली. स्टूल नाही, फक्त सावली. माणसं त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायची. सांगितलं, की इथं काही नाही, हात फिरवून बघा. हात फिरवून बघायची आणि परत वळसा घालायची. वस्तू असून सावली नसली तर मेंदू म्हणतो, वस्तू नाही. आणि सावली असून वस्तू नसली, तर तो वस्तू मानून मोकळा होतो. मग आम्ही माणसाची सावली पाडली. दारातून आत पडलेली. लोक म्हणाले, मागे कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं तर कुणी नाही. मग म्हणाले, आता ते तिकडे उभं आहे. तासाभरात कुणी खोलीत बसेना. अशा सावलीला आम्ही निराधार सावली म्हणतो."

"ती निराधार नाही. माझी आहे."

"तुमची आहे, पण त्या वेळच्या तुमची. तुम्ही हललात तरी ती हलणार नाही. मेंदू तिला तुमच्या पायाशी जोडणार नाही, काका. दुसरं कुणीतरी धरून चालेल."

"मी घाबरणार नाही," कोनापुरे म्हणाले. आयुष्यात इतक्या ठामपणे त्यांनी फार थोडी वाक्यं बोलली असतील. "माझीच सावली आहे, मी काय घाबरायचं? मला एवढंच बघायचंय मॅडम, की ती माझ्याकडे बघत होती. डोक्यानं कळलं आता, तुम्ही सांगितलंत. पण तुम्हीच म्हणता ना, डोक्याला कळून उपयोग नसतो."

डॉ. म्हमाण्यांच्या टेबलावर एक लहान फोटो होता. तीन-चार वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर, मागे समुद्र. त्यावर सावल्या गाळायचं काम झालेलं दिसत होतं, पाण्याकाठची वाळू अगदी स्वच्छ होती. बाईंनी तो फोटो उचलला, वाळूकडे पाहिलं आणि परत ठेवला.

"हा कुणी काढला होता, मी कधी विचारलंच नाही घरी," त्या म्हणाल्या. "आता विचारायला कुणी नाही." मग जरा रुक्षपणे म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी स्वतः येते. खिडकी बंद ठेवावी लागेल, कायमची. मग तुमच्या खोलीत इथलं ऊन येणार नाही. नळदुर्गचं येईल. चालेल?"

"चालेल की," कोनापुरे म्हणाले. खिडकीतून त्यांना तसंही फारसं काही बघायचं नव्हतं.

त्या आल्या त्या दुपारी कोनापुऱ्यांनी घर झाडून ठेवलं होतं आणि स्वच्छ सदरा घातला होता. बाईंनी खिडकीला काळा पडदा लावला, छताचा दिवा खाली घेऊन त्याच्या आत काहीतरी फिरवाफिरव केली, वर बसवला आणि कोनापुऱ्यांना त्यांच्या खुर्चीत, भिंतीसमोर, खोलीच्या मध्यावर बसायला सांगितलं.

"फोटोत सावली खालच्या कडेला तुटलीय. पुढची आम्ही गणितानं पूर्ण केली. जिथं तुम्ही उभे असाल तिथपर्यंत ती खोलीत येईल."

दिवा लागला. खोलीत हिवाळ्यातलं कलतं ऊन पसरलं, जुनं, पिवळसर. शैलाबाईंची खिडकीच्या उजेडानं बनवलेली सावली नाहीशी झाली, आणि त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर खरी सावली तिरपी पडली. फरशीवरून, खुर्चीच्या मागून कुठूनतरी, एक लांब सावली पुढे गेली. कोनापुऱ्यांच्या पावलांवरून, गुडघ्यांवरून ती गेली आणि भिंतीत शिरून शैलाबाईंच्या पायांना टेकली.

आणि शैलाबाईंनी बघितलं.

एवढंच झालं. चित्रात एक रेघही हलली नव्हती. पण इतके दिवस अधांतरी असलेली नजर आता कुणावर तरी टेकली होती. आता ते हसू कशाला आलंय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या माणसाची गंमत करताना बाई हसते, तसं ते होतं. कोनापुरे खुर्चीत जरा पुढे सरकले. होतं तर. तिचं लक्ष होतं.

"काका," डॉ. म्हमाणे हळू आवाजात म्हणाल्या. त्या भिंतीकडे नव्हे, दाराकडे बघत होत्या. त्यांनी स्वतःला सावरून मान वळवली, पुन्हा न राहवून दाराकडे पाहिलं. "ठेवू, का काढू?"

"राहू द्या."

"एकदा नीट बसून बघा. दोन दिवसांनी सांगितलंत तरी चालेल. मी येईन."

त्या निघाल्या तेव्हा खुर्चीच्या मागून सरळ दाराकडे गेल्या नाहीत. तिथल्या रिकाम्या जागेला वळसा घालून, भिंतीच्या कडेनं गेल्या. ते करताना त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण दारात त्या क्षणभर थांबल्या. मग जिना उतरून गेल्या.

कोनापुरे खुर्चीत बसून राहिले. शैलाबाईंकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना ती नजर कुठे जातेय हे समजू लागलं.

ती त्यांच्या डोक्यावरून जात होती, आधी जायची तशीच. फरक एवढाच, की आता ती मागे पोचत होती. त्यांच्या पाठीमागे, खुर्चीपासून चार पावलांवर, कुणीतरी उभं होतं. कोनापुऱ्यांनी वळून पाहिलं. दार आणि दाराशी काढलेल्या चपला. पुन्हा समोर वळले, तर ते होतंच. उंच, ताठ पाठीचं, कोपरं बाहेर काढून छातीशी काहीतरी धरलेलं. श्वास रोखलेला, कारण फोटो काढताना तो नेहमी श्वास रोखायचा. त्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं. मूल होणार नाही हे ठाऊक नव्हतं, दवाखान्याच्या फेऱ्या ठाऊक नव्हत्या, हे पाठीचं वाकणं ठाऊक नव्हतं. तिच्या पायांवर आपली सावली पडलीय, एवढंच त्याला नुकतं कळलं होतं आणि त्यानं मान वर केली होती.

मी आहे तो, कोनापुरे स्वतःशी म्हणाले. मीच आहे. पण मेंदूनं परीक्षा घेतली होती, आणि निकाल बदलत नव्हता. तिच्या नजरेच्या वाटेत, दोघांच्या मधोमध, एक म्हातारा खुर्चीत बसला होता.

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःची पावलं सावलीत होती. पाय गार पडले होते.

दार ढकललेलंच होतं. बिराजदारकाकूंनी ते उघडलं. हातात वाटी होती, शेंगाची चटणी. त्या "कोनापुरे ओ" म्हणत एक पाऊल आत आल्या आणि थबकल्या. पदर सावरला. आवाज खाली आणला.

"पाहुणे आहेत होय? मला माहीत नव्हतं. येते मग मी नंतर."

वाटी उंबऱ्याच्या आत ठेवून त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

कोनापुऱ्यांनी त्यांना हाक मारली नाही. थोड्या वेळानं ते उठले. खुर्ची घासत नेली तर आवाज होईल, म्हणून दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूच्या भिंतीशी नेऊन ठेवली. वाट मोकळी झाली. उन्हात सावली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पडली आणि शैलाबाई हसत राहिल्या.

मग परक्याच्या घरी बसतात तसे, खुर्चीच्या कडेला टेकून, ते बसले.